पहाटे साडेचारची घंटा

इचलकरंजीत उभं राहून मागाबद्दल बोलायचं म्हणजे पंढरपुरात जाऊन अभंग शिकवण्यासारखं आहे. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांना तुटलेला धागा डोळे मिटून जोडता येत असेल. मला तो येत नाही. मी इतिहास शिकवला, तोही निवृत्त होईपर्यंत खडूने. त्यामुळे मागाबद्दल काही चुकीचं बोललो तर मागच्या रांगेतून बिनदिक्कत ओरडा.

आजचा विषय पत्रिकेत भारदस्त छापलाय: ‘एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिका: आर्थिक वाढ आणि समाजसुधारणा’. मी त्यातली एकच गोष्ट धरून बोलणार आहे. त्या काळात तिथे सुधारणांचं पेवच फुटलं होतं. दारूबंदी, शाळा, तुरुंग, वेड्यांची इस्पितळं, गुलामगिरी, बायकांचे हक्क, सगळ्यासाठी सभा भरत होत्या, वर्गण्या निघत होत्या. यातल्या काही सुधारणा दहा-पंधरा वर्षांत पार पडल्या, काहींना तीस वर्षं लागली आणि एकीसाठी तर युद्ध करावं लागलं. असं का झालं? मला वाटतं, कोणती सुधारणा कुणाच्या खिशाला हात घालते, यावर तिचा वेग ठरला. हे म्हणणं सगळीकडे लागू पडत नाही. कुठे पडत नाही तेही सांगेन.

सुरुवात घंटेपासून करू. मॅसॅच्युसेट्स राज्यात मेरिमॅक नावाची नदी आहे. तिच्या काठी लोवेल हे गाव. उन्हाळ्यात तिथे पहाटे साडेचारला गिरणीची पहिली घंटा व्हायची. तुमच्या आजोबांना जसा भोंगा, तशी त्या पोरींना ती घंटा. पोरीच म्हणायचं, कारण गिरणीत बहुतेक सगळ्या पंधरा ते तीस वयाच्या मुली होत्या. न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मेन इथल्या खडकाळ शेतावरून आलेल्या. शेतावर कोंबडा आरवला की उठायचं आणि काम संपलं की थांबायचं. इथे काम संपतच नव्हतं, घंटा झाली की थांबायचं. आठवड्याला सरासरी ७३ तास भरायचे.

ही गिरणी आली कुठून? चोरीतून. शब्द कडक आहे, पण दुसरा सुचत नाही. फ्रान्सिस कॅबट लोवेल हा बॉस्टनचा व्यापारी १८१० ते १८१२ या काळात इंग्लंडमध्ये होता. यंत्रमाग देशाबाहेर नेणं किंवा त्याचे नकाशे बाहेर नेणं इंग्रजांनी कायद्याने बंद केलं होतं. हा गृहस्थ मँचेस्टरच्या गिरण्यांतून पाहुण्यासारखा हिंडला आणि सगळं डोक्यात साठवून घरी आला. पॉल मूडी नावाच्या हुशार मेकॅनिकला हाताशी धरून त्याने यंत्रमाग उभा केला आणि १८१४ साली वॉल्थम गावी गिरणी चालू झाली. सरकी काढलेला कापूस एका दारातून आत आणि कापड दुसऱ्या दारातून बाहेर, सगळं एका छपराखाली. लोवेल १८१७ साली वारला. त्याच्या भागीदारांनी मेरिमॅकच्या सुमारे तीस फुटांच्या धबधब्यापाशी नवं गाव वसवलं आणि त्याला त्याचं नाव दिलं. १८४० पर्यंत या गावाची वस्ती वीस हजारांवर गेली होती.

मालकांना इंग्लंडसारखी गलिच्छ कामगारवस्ती नको होती. शिवाय शेतकऱ्यांनी आपल्या मुली पाठवायच्या तर त्यांच्या अब्रूची हमी द्यायला हवी होती. म्हणून कंपनीने खाणावळी बांधल्या. गिरगाव-लालबागच्या खाणावळी ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी तेच चित्र डोळ्यांपुढे आणावं, फक्त बायकांचं. खाणावळ चालवणारी बहुधा विधवा बाई असायची. एका खोलीत चार ते सहा मुली आणि एका पलंगावर दोघी. दार रात्री दहाला बंद. रविवारी चर्चला जाणं सक्तीचं, दारू पिताना सापडली की नाव कट. पगार आठवड्याला सुमारे तीन डॉलर, त्यातला सव्वा डॉलर खाणावळीचा.

हे सगळं ऐकून ‘तुरुंगच की’ म्हणावंसं वाटतं. पण शेतावरच्या मुलीच्या हातात तोवर स्वतःचा पैसा कधी आलाच नव्हता. इथे तिचं बँकेत खातं होतं. संध्याकाळी व्याख्यानं होती, चालतं वाचनालय होतं. मुलींनी स्वतःचं मासिक काढलं आणि ते १८४० पासून पाच वर्षं चालवलं. गिरणीत पुस्तक न्यायला बंदी होती. तेव्हा लूसी लार्कम नावाची मुलगी वर्तमानपत्रातल्या कवितांची कात्रणं खिडकीच्या चौकटीला चिकटवायची आणि काम करता करता पाठ करायची. ती पुढे नावाजलेली कवयित्री झाली. पुस्तकाला बंदी होती, चौकटीला नव्हती! कामगाराचं डोकं असं चालतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हॅरिएट हॅन्सन ही दुसरी मुलगी. वडील गेले, आईने लोवेलमध्ये खाणावळ घेतली आणि पोरगी गिरणीत डॉफर म्हणून लागली. हा शब्द आपल्या सूतगिरण्यांतही आहे, भरलेल्या बॉबिन काढायच्या आणि रिकाम्या लावायच्या. १८३६ साली कंपनीने खाणावळीचे पैसे वाढवले, आठवड्याला साडेबारा सेंट. म्हणजे नाव न घेता पगारकपात. दोन वर्षांपूर्वी उघड पगारकपातीवर एक संप झाला होता आणि तो मोडला होता. या वेळी दीड हजारांच्या वर मुली बाहेर पडल्या. हॅरिएट तेव्हा अकरा वर्षांची. तिच्या खात्यातल्या मोठ्या मुली ‘जायचं का नको’ असं कुजबुजत उभ्या होत्या. ही वैतागून म्हणाली, तुम्ही काय करायचं ते करा, मी चालले. आणि चालू लागली. मागे वळून बघते तर सगळी रांग तिच्यामागे. पुढे म्हातारपणी तिने हे लिहून ठेवलंय आणि त्यातला आनंद तेव्हाही ओसरलेला नाही. पण शिक्षा झाली आईला. तिची खाणावळ काढून घेतली. मोठ्या पोरींना तुम्ही अडवू शकत नव्हता, पण ही तर तुमचीच पोर होती, असं तिला सुनावण्यात आलं.

आता गिरणी जरा बाजूला ठेवू आणि पश्चिमेला, न्यूयॉर्क राज्यात जाऊ. १८१७ च्या चार जुलैला तिथे एक कालवा खणायला घेतला, हडसन नदी आणि ईरी सरोवर जोडण्यासाठी. लांबी ३६३ मैल, रुंदी ४० फूट, खोली अवघी चार फूट. मधे जवळजवळ पावणेसहाशे फुटांचा चढ, त्यासाठी ८३ पाण्याच्या पायऱ्या. नाव एका बंद हौदात घ्यायची, पाणी भरायचं, नाव वर चढते, मग पुढचं दार उघडायचं. राष्ट्राध्यक्ष जेफर्सननी ही कल्पना वेडेपणाची म्हणून उडवून लावली होती. लोक गव्हर्नर डीविट क्लिंटन यांच्या नावाने ‘क्लिंटनचा चर’ म्हणून हसत होते. १८२५ साली कालवा पुरा झाला आणि क्लिंटननी सरोवराचं पाणी पिंपात भरून आणून न्यूयॉर्कच्या समुद्रात ओतलं. खर्च सुमारे ७० लाख डॉलर, तोही जकातीतून लवकरच वसूल. बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल न्यायला आधी शंभर डॉलरच्या घरात पडायचे, ते दहाच्याही खाली आले. खेचरं काठाने दोर ओढत चालायची, ताशी चार मैल. एवढ्या संथ वाहनाने एका देशाचा कायापालट केला याची मला अजूनही गंमत वाटते.

याचा दारूशी संबंध आहे तो असा. रस्ते वाईट असताना डोंगरापलीकडच्या शेतकऱ्याला धान्य बाजारात नेणं परवडायचं नाही. पण त्याच धान्याची व्हिस्की केली की एका घोड्यावर सहापट धान्याची किंमत लादता यायची. त्यामुळे देशात व्हिस्की मुबलक आणि चहापेक्षा स्वस्त. १८३० च्या सुमारास दर प्रौढ माणसामागे वर्षाला सात गॅलन शुद्ध अल्कोहोल रिचवलं जात होतं. आजच्या अमेरिकेच्या जवळजवळ तिप्पट. कारखानदार आणि कारागीर कामावर एकत्र बसून प्यायचे. शिकाऊ पोरं मालकाच्याच घरी राहायची आणि त्याच्याच पिंपातली घ्यायची. ती त्या काळची रीतच होती.

कालव्यावर रॉचेस्टर नावाचं गाव आहे. जेनेसी नदीचा धबधबा, त्यावर पिठाच्या गिरण्या, आणि पिठाची पिंपं न्यायला दारात कालवा. १८२० साली वस्ती दीड हजार, दहा वर्षांनी नऊ हजारांवर. आता मालक टेकाडावरच्या नव्या घरात राहायला गेला आणि कामगार खाली वस्तीत. बाटली तीच, पण आता मालक पित नव्हता आणि कामगार पिऊन सोमवारी उशिरा येत होता. पिठाच्या गिरणीचं वेळापत्रक आणि हँगओव्हर यांचं जमत नाही. नेमक्या याच वेळी, १८३० च्या शरदात, चार्ल्स फिनी हा वकिलीतून धर्मोपदेशात आलेला माणूस रॉचेस्टरला आला आणि सहा महिने प्रवचनं केली. साडेसहा फुटी नजरेचा माणूस, असं मला त्याच्या चित्रावरून वाटतं. तो सांगायचा की पाप ही नशिबाने लादलेली गोष्ट नाही, माणूस ते ठरवून करतो आणि ठरवून सोडूही शकतो. गावच्या दुकानदारांनी, गिरणीमालकांनी आणि विशेषतः त्यांच्या बायकांनी ते मनावर घेतलं. दोन किराणा व्यापाऱ्यांनी तर आपली व्हिस्कीची पिंपं रस्त्यावर आणून फोडली, भर थंडीत, लोक बघत असताना.

त्यांना ढोंगी म्हणणं मला जमणार नाही. तो पश्चात्ताप खराच होता. पण तो पश्चात्ताप आणि गिरणीचं घड्याळ एकाच दिशेला ओढत होते, म्हणून गाडी सुसाट निघाली. १८२६ साली बॉस्टनमध्ये दारूविरोधी संस्था निघाली होती. १८४५ पर्यंत पिण्याचं प्रमाण सातावरून दोन गॅलनांच्या आसपास आलं. पंधरा वर्षांत! सरकारने कायदा करायच्या आधी. इतकी झपाट्याने पार पडलेली दुसरी सुधारणा मला तरी माहीत नाही.

आता दुसरी बाजू. त्याच १८४५ साली लोवेलच्या बायकांनी राज्याच्या विधिमंडळाकडे अर्ज दिला: कामाचे तास दहा करा. सुमारे दोन हजार सह्या. सारा बॅग्ली ही विणकर बाई त्यांच्या संघटनेची अध्यक्ष. समितीपुढे बायकांनी साक्षी दिल्या. एलायझा हेमिंगवे हिने आपल्या विणखात्यातले दिवेच मोजून सांगितले: २९३ लहान आणि ६१ मोठे. हिवाळ्यात सकाळी आणि संध्याकाळी हे सगळे एकदम पेटायचे, तेलाचे. धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवायची. माणसं दीडशे. एकेका दिवशी तीस बायका आजारी असायच्या. इथे बसलेल्यांपैकी ज्यांनी जुन्या मागाच्या शेडमध्ये पाळी काढली आहे, त्यांना त्या हवेचा वास आत्ता आला असेल.

समितीचे अध्यक्ष विल्यम शूलर हे लोवेलमधल्याच वर्तमानपत्राचे मालक. समितीतले काही जण गिरणी बघायला गेले. अहवालात त्यांनी लिहिलं की गिरणीच्या आवारात हिरवळ आहे, झाडं लावलीत आणि आपापल्या हंगामात नाना तऱ्हेची फुलं फुलतात. ते गेले होते एक मार्चला. न्यू इंग्लंडच्या एक मार्चला कुठली फुलं! निष्कर्ष असा, की कामाचे तास हा मालक आणि कामगार यांच्यातला मामला आहे, कायद्याने त्यात पडू नये. बायकांना मत नव्हतं. तरी त्यांनी शूलरविरुद्ध प्रचार केला आणि पुढच्या निवडणुकीत ते पडले. पण दहा तासांचा कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये आला १८७४ साली. कामगाराने दारू सोडायची तर पंधरा वर्षं, मालकाने दोन-अडीच तास सोडायचे तर एकोणतीस.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यापुढे या दोन्ही लहान आहेत. लोवेलला कापूस कुठून यायचा? दक्षिणेतून. एली व्हिटनीने १७९३ साली सरकी काढायचं यंत्र केलं आणि गुलामगिरी मरणपंथाला लागेल ही आशा संपली. १७९० मध्ये देशात सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळजवळ चाळीस लाख. कापसाला नवी जमीन हवी, म्हणून १८३० च्या कायद्याने चेरोकी, क्रीक, चोक्टॉ या तिथल्या मूळ लोकांना मिसिसिपीपलीकडे हाकललं. त्या वाटेत हजारो मेले. जुन्या राज्यांतून नव्या कापूसपट्ट्यात आयाबापांपासून तोडून गुलाम विकले गेले. देशाच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा होता. न्यूयॉर्कचा सावकार, बॉस्टनचा जहाजवाला, लोवेलचा भागधारक, सगळे त्या एका बोंडाला लटकलेले. एक गोष्ट तर ऐकूनच घशाखाली उतरत नाही. न्यू इंग्लंडच्या गिरण्यांत एक जाडंभरडं कापड विणलं जायचं, खास गुलामांसाठी. मळेवाले ते ठोक विकत घ्यायचे. त्या कापडाला दक्षिणेत नावच पडलं होतं ‘लोवेल’. म्हणजे गुलामाने वेचलेला कापूस, व्हरमाँटच्या स्वतंत्र मुलीने विणलेला, पुन्हा गुलामाच्या अंगावर. मॅसॅच्युसेट्सचे चार्ल्स समनर यांनी १८४८ साली मागाचे मालक आणि चाबकाचे मालक यांची युती म्हणून यावर बोट ठेवलं.

त्यामुळे गुलामगिरीविरुद्ध बोलणाऱ्याला उत्तरेतही मार पडला. विल्यम लॉइड गॅरिसनने १८३१ च्या एक जानेवारीला बॉस्टनमध्ये गुलामगिरीविरोधी वर्तमानपत्र सुरू केलं. त्याच्या आधी, १८२९ साली, डेव्हिड वॉकर या जुने कपडे विकणाऱ्या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाने एक जळजळीत पत्रक काढलं होतं. खलाशांच्या कपड्यांत लपून ते दक्षिणेत पोचलं. १८३५ साली गॅरिसनला बॉस्टनच्या जमावाने दोर बांधून रस्त्यावरून ओढलं. जमावात गुंडांपेक्षा चांगल्या कोटातले व्यापारी जास्त होते. १८३७ साली इलिनॉयमधल्या ऑल्टन गावात एलायजा लव्हजॉय या संपादकाला गोळी घातली. आधीचे तीन छापखाने लोकांनी मोडले होते, चौथ्याची राखण करताना तो गेला.

इथे माझ्या सिद्धांताला छेद देणारा माणूस भेटतो, लुइस टॅपन. न्यूयॉर्कचा रेशमाचा व्यापारी, धाकटा भाऊ. थोरला आर्थर. फिनीला न्यूयॉर्कला आणण्यात त्यांचा पैसा, आणि गुलामगिरीविरोधी संस्थेतही त्यांचाच पैसा. १८३४ च्या दंगलीत जमावाने लुइसचं घर फोडून सामान रस्त्यावर जाळलं. १८३७ च्या मंदीत पेढी बुडाली. मग १८४१ साली या माणसाने काय काढलं? देशभरातल्या दुकानदारांची पत तपासून व्यापाऱ्यांना कळवणारी पेढी. कोण पितो, कोण उधारी बुडवतो, कोणाची चाल कशी, हे गावोगावचे खबरे लिहून पाठवायचे. खबऱ्यांत त्याचे चळवळीतले ओळखीचे लोकही होते. आज तुम्हाला कर्ज देण्याआधी बँक तुमचा स्कोअर बघते ना, त्याचे हे खापरपणजोबा. सुधारणेचं जाळं आणि बाजाराचं जाळं एकाच माणसाच्या हातात. त्याने गुलामगिरीपायी घर गमावलं आणि भांडवलशाहीला तिची वहीही दिली. अशा माणसाला एका खिशाच्या हिशोबात कसं बसवायचं?

बायकांच्या हक्कांचं थोडक्यात सांगतो. १८४८ च्या १९ आणि २० जुलैला सेनेका फॉल्स इथे सभा भरली. हेही कालव्याला जोडलेलं गिरण्यांचंच गाव. एलिझाबेथ केडी स्टँटन, लुक्रेशिया मॉट, आणि मताधिकाराच्या ठरावाला जोर लावणारे फ्रेडरिक डग्लस, जे स्वतः गुलामीतून पळून आले होते. जाहीरनाम्यावर शंभर सह्या, ६८ बायका, ३२ पुरुष. त्यातली शार्लट वुडवर्ड घरी बसून हातमोजे शिवायची. मोबदला तुटपुंजा, आणि तोही तिचा नाही, कायद्याने. म्हणून ती चिडून आली होती. १९२० साली अमेरिकेत बायकांना मत मिळालं तेव्हा त्या शंभरांपैकी ती एकटी जिवंत होती.

आता ‘सर, याचा आपल्याशी काय संबंध?’ असा प्रश्न येणारच, तर आधीच सांगून टाकतो. संबंध बर्फाचा आहे. फ्रेडरिक ट्यूडर हा बॉस्टनकर तिथल्या तळ्यांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजाने पाठवायचा. १८३३ साली तो कलकत्त्याला पोचला आणि लगेच पुढे मुंबईलाही. त्याच किनाऱ्यावरून, त्याच व्यापारी वाटेने, वीस वर्षं आधी दुसरी माणसं आली होती, अमेरिकन मिशनरी. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, १८१३ च्या फेब्रुवारीत, मुंबईत. कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं, पण ते चिकटून राहिले. ज्या धर्मजागृतीने रॉचेस्टरची पिंपं फुटली तिच्याच आधीच्या लाटेवर हे आले. १८२७ मध्ये सिंथिया फॅरर आल्या, न्यू हॅम्पशायरच्या. ज्या मुलखातून मुली लोवेलला गेल्या, त्याच मुलखातून एक अविवाहित शिक्षिका मुंबईला आणि तिथून नगरला. नगरची त्यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८ साली, म्हणजे सेनेका फॉल्सच्याच वर्षी, पुण्यात शाळा काढली. सावित्रीबाईंचं शिक्षिकेचं प्रशिक्षण फॅररबाईंकडे झालं.

फॅररबाई १८६२ साली नगरलाच वारल्या. त्या वर्षी अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटलेलं होतं, दक्षिणेचा कापूस अडला होता. लोवेलच्या मालकांना वाटलं, युद्ध चार दिवसांचं. त्यांनी साठवलेला कापूस चढ्या भावाने विकून टाकला आणि माग थांबवले. इकडे खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत रातोरात लखपती झाले, तसेच रातोरात भिकारीही.

१८७३ साली फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापलं, ते अर्पण केलं अमेरिकेतल्या ‘सदाचारी’ लोकांना, ज्यांनी गुलामांना मुक्त केलं. फुल्यांच्या मनात कोण होते, मला माहीत नाही. लोवेलच्या पोरींनीही गुलामगिरीविरुद्धच्या अर्जांवर सह्या केल्या होत्या, दिवसभर तोच कापूस हाताळून, रात्री दहाच्या आत, खाणावळीच्या दिव्याखाली. मी आपला त्यांनाही त्यात धरतो.

बरं, आता प्रश्न. मागाबद्दलचे आधी एकमेकांत सोडवून घ्या.